पोर्ट फॉरवर्डिंग भरलं तरी घरचा डीव्हीआर बाहेरून उघडत नाही (नागपूर, फायबर कनेक्शन)

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. घर मनीषनगरला, दुकान इतवारीत. दिवसभर घरी आई-बाबा दोघंच असतात, म्हणून चार कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बसवून घेतला. मोबाइलवर क्लाउडच्या ॲपमधून दिसतं, पण संध्याकाळ झाली की चित्र अडकतं, नाहीतर सरळ 'डिव्हाइस ऑफलाइन'. कॅमेरेवाला म्हणाला, "पोर्ट फॉरवर्ड करून घ्या, डायरेक्ट दिसेल." एवढं सांगून तो गेला, आता फोन उचलत नाही.

मांडणी अशी आहे. भिंतीवर इंटरनेट कंपनीचा पांढरा डबा (ओएनटी). त्याचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, म्हणून त्यातून वायर काढून माझा स्वतःचा राउटर लावलाय. राउटरचं पान १९२.१६८.०.१ वर उघडतं. डीव्हीआरच्या स्क्रीनवर पत्ता १९२.१६८.१.१०८ आणि पोर्ट ३७७७७ दिसतो. राउटरच्या 'व्हर्च्युअल सर्व्हर' पानावर बाहेरचा पोर्ट ३७७७७, आतला पोर्ट ३७७७७ आणि हा पत्ता भरला की लाल अक्षरात 'इनव्हॅलिड आयपी ॲड्रेस' येतं. आणि गंमत म्हणजे घरच्या वायफायवर ॲपमध्ये हाच पत्ता टाकला की चारही कॅमेरे झकास दिसतात. मग पत्ता चुकीचा कसा?

जोडीला आणखी एक काम: घरच्या कॉम्प्युटरवर टॅली आहे, तो दुकानातून रिमोट डेस्कटॉपने उघडायचाय. त्यालाही पोर्ट लागतो म्हणे.

तर्रीपोहे
भाऊ, पयले हे सांग, डीव्हीआरची वायर कुठं लावून ठेवली आहे? तुह्या राउटरात का त्या पांढऱ्या डब्यात? मले तं वाटते डब्यातच असन.

दुसरं, राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) लिहून असते, तो काय आहे ते टाक इथं. तो पाहिल्याशिवाय पोर्टच्या पानाले हात नको लावू.

मनीषनगरवाला
हो, डब्यातच आहे. कॅमेरेवाल्याने तिथेच खोचली, कारण डीव्हीआर आणि डबा दोन्ही हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. वॅन आयपी १९२.१६८.१.४ दाखवतोय.

निळी_वायर
मग राउटरचं बरोबर आहे. तुमच्या घरात सध्या दोन नेटवर्कं आहेत. ओएनटी हा स्वतःही राउटरच असतो. त्याच्या बाजूचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. तुमचा राउटर त्याच्या मागे, त्याच्या बाजूचे पत्ते १९२.१६८.० ने. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यामुळे पहिले तीन आकडे जुळले तरच राउटर एखाद्या यंत्राला आपल्या घरातलं समजतो. पोर्ट म्हणजे पत्त्यावरचं एक नंबराचं दार. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम म्हणजे 'बाहेरून या पोर्टवर काही आलं तर आतल्या अमक्याला दे'. १९२.१६८.१.१०८ हा तुमच्या राउटरच्या आत नाहीच, तो त्याच्या वॅनच्या बाजूला बसलाय. म्हणून तो नियम घेत नाही.

घरच्या वायफायवर दिसतं त्याचं कारण वेगळं. आतून बाहेर जायला नियम लागत नाही. मोबाइलची मागणी राउटर पुढे पाठवतो, आपल्या नॅटच्या (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवायची सोय) टेबलात तशी नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की त्या नोंदीवरून मोबाइलपर्यंत पोचवतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर टेबलात नोंद नसते, म्हणून ते पॅकेट टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद आपण आधीच हाताने लिहून ठेवायची.

आता दुरुस्ती. वाटा तीन आहेत.

पहिली वाट, तुमचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकायचा. मग तो फक्त वायफाय देईल, पत्ते वाटायचं काम एकटा ओएनटी करेल आणि घरात एकच नेटवर्क राहील. हे सगळ्यात सोपं. पण मग पोर्ट फॉरवर्डिंग ओएनटीवर करावं लागतं, आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड बहुतेक कंपन्या देत नाहीत. दिला तरी ते पान अर्धवट असतं, आणि कंपनी दुरून सेटिंग ढकलते तेव्हा आपले नियम पुसले जाऊ शकतात.

दुसरी वाट, ओएनटी 'ब्रिज' मोडमध्ये टाकून घ्यायचा. मग तो फक्त काचेच्या तारेतला प्रकाश घेऊन तांब्याच्या वायरीवर देतो, राउटरपणा सगळा तुमच्या राउटरकडे येतो. यासाठी पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युझरनेम-पासवर्ड आणि असेल तर व्हीलॅन आयडी (लाइनवरची वाहतूक ओळखायचा आकडा) कंपनीकडून आधी मागून घ्या. ब्रिज झाल्यावर मागायला गेलात तर तेवढा वेळ नेट बंद. ओएनटीवर लँडलाइनचा फोन असेल तर तोही सांगा, नाहीतर तो मुका होतो.

तिसरी वाट, ब्रिज देत नसतील तर ओएनटीच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे वळवणारी सोय) तुमच्या राउटरचा पत्ता टाकायचा. दोनदा नॅट होतंच, पण काम भागतं.

मी तुमच्या जागी असते तर दुसरी वाट धरली असती. आणि डीव्हीआरची वायर कुठल्याही परिस्थितीत तुमच्या राउटरला लावा.

हिंगणा_एमआयडीसी
ताईंनी व्यवस्थित सांगितलंय. एक भर: डीव्हीआरमध्ये कॅमेरेवाले पत्ता हाताने ठोकून जातात. १९२.१६८.१.१०८ हा तर कित्येक डीव्हीआरचा कारखान्यातूनच येणारा पत्ता आहे. वायर राउटरला लावल्यावर तो तसाच ठेवलात तर घरातही दिसणार नाही. डीव्हीआरच्या मेनूत नेटवर्कमध्ये जाऊन डीएचसीपी (राउटरकडून पत्ता आपोआप घेणं) चालू करा आणि पत्ता पक्का करायचा तो राउटरमध्ये करा.

निळी_वायर
बरोबर. त्या 'पक्का करण्या'बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

राउटर पत्ते भाड्याने देतो. मुदत संपली, लाइट गेली, राउटर पुन्हा चालू झाला, की यंत्राला दुसरा पत्ता मिळू शकतो. फॉरवर्डिंगचा नियम मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत बसतो. कालपर्यंत चालत होतं, वादळात लाइट गेली आणि बंद पडलं, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघते. उपाय म्हणजे 'ॲड्रेस रिझर्व्हेशन': यंत्राचा मॅक पत्ता (कारखान्यातून येणारा त्याचा ओळख-क्रमांक) आणि त्याला द्यायचा आयपी यांची जोडी राउटरमध्ये लिहून ठेवायची. डीव्हीआरचा मॅक त्याच्या नेटवर्क मेनूत असतो, डब्याच्या खालच्या स्टिकरवरही असतो. मोबाइलसाठी स्टिकर किंवा खोक्यावरचा मॅक चालत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक सांगतात. पण तुम्हाला डीव्हीआर आणि कॉम्प्युटर एवढंच करायचंय.

आता मुख्य गोष्ट. हे करतानाच राउटरचा लॅन (घराच्या बाजूचा) पत्ताही बदलून टाका. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ ठेवू नका. तुमच्या दुकानातल्या राउटरचा पत्ता काय आहे? पैजेवर सांगते, या दोनपैकीच एक असेल. उद्या घर आणि दुकान व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंद खासगी वाटेने) जोडायचं म्हटलं आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर दुकानातला कॉम्प्युटर १९२.१६८.१.५० ला दुकानातच शोधत बसेल, घराकडे वळणारच नाही.

१९९६ सालच्या आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. घरासाठी तिसऱ्यातलं काहीतरी आडवळणाचं घ्या, उदाहरणार्थ १९२.१६८.४७.१. मास्क २५५.२५५.२५५.० तसाच ठेवा, २५४ पत्ते मिळतात, घराला पुष्कळ झाले. डीएचसीपीचा वाटप-पट्टा १०० ते १९९ करा, म्हणजे २ ते ९९ तुमच्या कायमच्या यंत्रांना मोकळे राहतील. काही राउटर रिझर्व्हेशन वाटप-पट्ट्याच्या आतच मागतात. तसं असेल तर आतला द्या, बिघडत काही नाही.

'सेव्ह' दाबल्याबरोबर पान गोठल्यासारखं होईल. घाबरून रिसेटची पिन खुपसू नका. राउटर आता नव्या पत्त्यावर आहे आणि तुमच्या लॅपटॉपकडे जुन्या नेटवर्कचा पत्ता आहे, एवढंच. वायफाय बंद-चालू करा, वायरीवर असाल तर वायर काढून लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.४७.१ टाका. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर समजा की त्याला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही. सगळं झालं तरी प्रिंटर रुसेल. त्याचा पत्ता कॉम्प्युटरमध्ये जुनाच नोंदलेला असतो. तो काढून पुन्हा जोडा.

तर्रीपोहे
प्रिंटरचं एकदम बरोबर सांगतलं ताई. आमच्या ऑफिसात नेटवर्कचं काहीही करा, शेवटचा फोन प्रिंटरचाच येते.

मनीषनगरवाला
ताई, दादा, सगळ्यांचे आभार. दुकानातला राउटर १९२.१६८.१.१ निघाला, पैज तुम्ही जिंकलात.

कंपनीकडे ब्रिजसाठी तक्रार नोंदवली. बरेच फोन झाले, शेवटी एक मुलगा घरी येऊन करून गेला. पीपीपीओई माझ्या राउटरमध्ये भरलं, नेट चालू. लॅन १९२.१६८.४७.१ केला. डीव्हीआर .२०, कॉम्प्युटर .२१, दोन्ही रिझर्व्ह. यावेळी व्हर्च्युअल सर्व्हरने नियम मुकाट्याने घेतला: ३७७७७, टीसीपी, १९२.१६८.४७.२०.

तरीही बाहेरून उघडत नाही. मोबाइलचं वायफाय बंद करून ४जी वर बघितलं. ॲप फिरत राहतं आणि शेवटी 'टाइम आउट'. पोर्ट तपासायच्या साइटवर 'क्लोज्ड'. तुमचा आयपी सांगणाऱ्या साइटवर १०३ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तोच ॲपमध्ये टाकला होता.

तर्रीपोहे
आणि राउटरच्या वॅनवर? मी पयलेच म्हटलं होतं नं, तो पाय म्हणून.

मनीषनगरवाला
वॅनवर १००.९१ ने सुरू होणारा आहे. साइटवर १०३. दोन्ही वेगळे.

तर्रीपोहे
बस्स. सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचं नॅट. आता तू राउटरात रात्रभर बसला तरी पोर्ट उघडत नाही.

समज, महालातला जुना वाडा आहे, आत पंधरा बिऱ्हाडं आणि रस्त्यावर दरवाजा एकच. तू आपल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं, पण मोठ्या दरवाज्याची कडी मालकाच्या हातात. बाहेरच्याले तुही खोली दिसणारच कशी? इथं मालक म्हणजे इंटरनेट कंपनी.

निळी_वायर
थोडं मागचंही सांगते. आयपी व्ही४ चे (म्हणजे हेच चार आकड्यांचे) एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे मोकळे पत्ते त्याच एप्रिलमध्ये तळाला गेले. त्यानंतर कनेक्शनं वाढवायची तर कंपन्यांनी अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. यासाठी २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा वेगळा काढून दिला. तुमचा १००.९१ त्यातच बसतो.

ओळखायची खूण सोपी. राउटरचा वॅन पत्ता आणि साइटवर दिसणारा पत्ता एकच असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. वेगळे असतील तर वर आणखी कुणीतरी नॅट करतंय. काही कंपन्या १०० ऐवजी १० चा पट्टा वापरतात, परिणाम तोच.

यावर डायनॅमिक डीएनएस लावा असं कुणी सुचवेल, तर वेळ घालवू नका. पत्ता सारखा बदलत असेल तर डीडीएनएस त्या बदलत्या पत्त्याला एक नाव देतो. पत्ता मुळात तुमचा नसेल तर नाव देऊन काय होणार?

हिंगणा_एमआयडीसी
यावर सरळ उपाय आहे. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या. वेगळे पैसे लागतात, घरगुती प्लॅनवर कधी कधी नाही म्हणतात, बिझनेस प्लॅनवर देतात. आमच्या वर्कशॉपला तोच आहे. डीव्हीआर, हजेरीचं मशीन, सगळं पोर्ट फॉरवर्ड करून वर्षानुवर्षं चालतंय. मी घरी बसून नाइट शिफ्ट बघतो. आजकालच्या मुलांना सगळीकडे मध्ये एक ॲप आणि एक अकाउंट लागतं, मला ते पटत नाही. माझं यंत्र, माझा पत्ता, मध्ये कुणी नको.

निळी_वायर
काका, 'मध्ये कुणी नको' इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण डीव्हीआरचा पोर्ट उघडा ठेवायला माझा ठाम नकार आहे.

२०१६ मध्ये मिराई नावाचा प्रकार झाला. त्याने बँकांचे सर्व्हर फोडले नव्हते; डीव्हीआर, आयपी कॅमेरे आणि घरचे राउटर पकडले होते. पद्धत अगदी साधी: इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या यंत्रावर जायचं आणि कारखान्यातून येणाऱ्या युझरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या एकेक करून लावून बघायच्या. अशा यंत्रांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन नावाच्या डीएनएस (साइटीच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइटी अमेरिकेत कित्येक तास अडखळत होत्या. मिराईचा सोर्स कोड त्याआधीच उघड झाला होता, त्यामुळे त्याची पिल्लावळ अजून फिरतेय.

आणि पासवर्ड बदलला म्हणजे सुटलो असंही नाही. कॅमेऱ्यांच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) पासवर्ड न विचारताच आत शिरता येईल अशा चुका सापडल्या आहेत, २०२१ मधली एक तर बरीच गाजली. फर्मवेअर अपडेट कोण करतं? तुमच्या वर्कशॉपच्या डीव्हीआरचं शेवटचं अपडेट कधीचं आहे, बघून सांगाल का?

हिंगणा_एमआयडीसी
डीव्हीआरचं अपडेट बसवल्यापासून केलेलं नाही, मान्य. पण मी बाहेरचा पोर्ट ३७७७७ ठेवलेला नाही, पाच आकडी भलताच ठेवलाय. आत ३७७७७, बाहेर दुसरा. येणाऱ्याला कळणार कसं?

निळी_वायर
त्याने आवाज कमी होतो, धोका तसाच राहतो. एका पत्त्यावर पोर्ट एकूण ६५,५३५. ते सगळे चाळायला स्कॅनरला फार वेळ लागत नाही. शोडानसारखं सर्च इंजिन तर हेच काम करतं: कुठल्या पत्त्यावर कुठला पोर्ट उघडा आहे आणि तिथून काय उत्तर येतं याची यादी ठेवतं.

पोर्ट ठेवायचाच असेल तर राउटरमध्ये 'सोर्स आयपी' ची अट असते का बघा. तुमच्या घरी पण स्टॅटिक पत्ता असेल तर फक्त तिथूनच आत येऊ द्या. मग माझी हरकत बरीच कमी होईल.

हिंगणा_एमआयडीसी
सोर्सची अट आमच्या राउटरात आहे. ते करून टाकतो. घरी मात्र स्टॅटिक नाही, तेवढ्यासाठी घेणं महागात जाईल.

काटोल_रोड
मध्येच बोलतो. आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. तिथं फायबर नाही, सिमवर चालणारा राउटर आहे. सिमवर सार्वजनिक पत्ता मिळतच नाही असं धरून चाला. मी टेलस्केल लावलं, म्हणजे आपली यंत्रं आपसात जोडणारा तयार व्हीपीएन. बागेतल्या खोलीत एक जुना लॅपटॉप सतत चालू ठेवला, त्यावर टेलस्केल, आणि त्यालाच 'सबनेट राउटर' केलं, म्हणजे त्याच्यामार्फत बागेतल्या इतर यंत्रांपर्यंत पोचायचं. मोबाइलवर टेलस्केल चालू केलं की बागेतल्या डीव्हीआरचा आतला पत्ता जसाच्या तसा उघडतो. एकही पोर्ट उघडलेला नाही.

एक सूचना. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप कायम चार्जिंगवर ठेवू नका. माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला. आता तिथं रास्पबेरी पाय (छोटासा, स्वस्त कॉम्प्युटर) लावलाय, वीजही कमी खातो.

मनीषनगरवाला
हे पटतंय. पण मोठ्या दरवाज्याची कडी बंद असताना हा आत येतो कसा? आणि माझे कॅमेरे त्यांच्या सर्व्हरवरून जाणार असतील तर क्लाउड ॲपमध्ये आणि यात फरक काय?

निळी_वायर
चांगला प्रश्न. मी वर म्हटलं तसं, आतून बाहेर जायला नियम लागत नाही. घरात लावलेला रास्पबेरी पाय आणि तुमचा मोबाइल, दोघंही आतून बाहेर जाऊन टेलस्केलच्या सर्व्हरला विचारतात, "समोरचा बाहेरून कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर दिसतोय?" ते कळलं की दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. दोन्हीकडच्या नॅटमध्ये नोंद पडते आणि वाट मोकळी होते. त्यानंतरची चित्रं थेट जातात. नॅट फारच कडक असेल तर रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातात, तेव्हा वेग पडतो. पण दोन्ही वेळा मजकूर वायरगार्डने (टेलस्केलच्या आतलं कुलूपबंद व्हीपीएन) टोकापासून टोकापर्यंत बंद असतो, मधल्याला वाचता येत नाही. ॲपमध्ये त्या यंत्राला पिंग केलं की 'डायरेक्ट' आहे की रिले ते दिसतं.

मध्ये कुणीच नको असेल तर नुसतं वायरगार्ड लावता येतं, सर्वसाधारणपणे यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, टीसीपी ही दुसरी) ५१८२० वर. पण त्याला एका टोकाला सार्वजनिक पत्ता लागतो. काका, तुमच्याकडे स्टॅटिक आहे, तुम्हाला हे अगदी फिट बसेल. डीव्हीआरचे आणि हजेरी मशीनचे सगळे पोर्ट बंद करून एकच यूडीपी पोर्ट उघडा. योग्य किल्ली नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. घरी स्टॅटिक नसला तरी चालतं.

आणि मनीषनगरवाले, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ उघडायचा विचार कृपया सोडून द्या. तुमचा सगळा हिशेब त्या कॉम्प्युटरवर आहे. तोही व्हीपीएनमधूनच उघडा.

हिंगणा_एमआयडीसी
एकच यूडीपी पोर्ट, हे मला पटलं. मध्ये कुणाचं अकाउंट नाही. आमच्या राउटरमध्ये वायरगार्डचं पान आहे, आजवर उघडून पाहिलं नव्हतं.

धंतोली_रातपाळी
आयपी व्ही६ चं (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) कुणी बोललंच नाही. व्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता, नॅटची भानगडच नाही. राउटरच्या स्टेटस पानावर २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसत असेल तर तुमच्याकडे व्ही६ आहे. फॉरवर्डिंग लागत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती परवानगी दिली की झालं.

निळी_वायर
तत्त्वतः बरोबर, पण इथे तीन अडचणी. जुन्या डीव्हीआरना व्ही६ कळत नाही. कंपनी पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलते. आणि दुकानात व्ही६ नसेल तर तिथून पोचता येणार नाही. शिवाय डीव्हीआर उघड्यावर ठेवायला माझा विरोध व्ही६ वरही तेवढाच आहे. फायदा मात्र एक आहे: दोन्ही टोकांना व्ही६ असेल तर टेलस्केल बहुतेक वेळा थेट जोडलं जातं, रिलेवर जात नाही.

मनीषनगरवाला
खबर देतो. बर्डीवरून रास्पबेरी पाय आणला, टीव्हीच्या मागे राउटरला वायरीने जोडला. पत्ता .२२, रिझर्व्ह. टेलस्केल टाकलं, १९२.१६८.४७ चं नेटवर्क जाहीर केलं. तरी मोबाइलवरून पाय दिसायचा, डीव्हीआर नाही. शोधल्यावर कळलं की टेलस्केलच्या वेबसाइटवर ॲडमिनच्या पानात त्या नेटवर्कला वेगळी मंजुरी द्यावी लागते, आणि पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागतं. दोन्ही केलं, आणि ४जी वर चारही कॅमेरे दिसले. दुकानातून टॅलीसुद्धा उघडलं. डीव्हीआरचं क्लाउड बंद केलं, पासवर्ड बदलला, फर्मवेअरही चढवलं. व्हर्च्युअल सर्व्हरमधला नियम काढून टाकला.

आईने विचारलं, "आता तू दुकानातून आमच्यावर नजर ठेवणार का?" हॉलमधल्या कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे वळवलंय.

काटोल_रोड
एक राहिलं. टेलस्केलमध्ये यंत्राची किल्ली आपोआप १८० दिवसांनी संपते. पायसाठी ॲडमिन पानावर 'की एक्स्पायरी' बंद करून टाका. नाहीतर एक दिवस अचानक बंद पडेल आणि तुम्ही राउटरला दोष देत बसाल.

तर्रीपोहे
एक विचारू का ताई? टेलस्केलच लावायचं होतं तं ब्रिजसाठी एवढे फोन कायले करायले लावले भाऊले? ते तं डबल नॅटमागूनही चालते नं?

निळी_वायर
चालतं. वॅन पत्ता १००.९१ आहे हे पहिल्या दिवशी दिसलं असतं तर ब्रिज मी सुचवलाही नसता. पण तेव्हा ओएनटीच्या मागचं दिसतच नव्हतं, वॅनवर १९२.१६८.१.४ होतं. ओएनटीच्या स्वतःच्या पानावर बघता आलं असतं, पण तिथला पासवर्ड कंपनीकडे. एक नॅट कमी झालं त्याचा फायदा आहेच, थेट जोडणीची शक्यता वाढते. आणि लॅनचा पत्ता बदलणं तर लागलंच असतं. दुकानातून १९२.१६८.१.१०८ शोधला असता तर तो इतवारीतच शोधला गेला असता.

बारावीनंतर_बघू
धागा वर काढतोय, सॉरी. माझं माइनक्राफ्ट आहे, मित्राला वर्ध्याहून माझ्या सर्व्हरवर यायचंय. राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलं, तरी होत नाही. व्हीपीएन वगैरे त्याला जमणार नाही.

तर्रीपोहे
अबे, जावा एडिशन आहे का बेडरॉक? जावा असन तं टीसीपी २५५६५, बेडरॉक असन तं यूडीपी १९१३२. टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं तरी बंदच राहते, तेवढं पाय.

आणि यूपीएनपी बंद कर. ते घरातल्या कोणत्याही यंत्राले न विचारता पोर्ट उघडू देते. तुह्या घरातल्या स्वस्तातल्या बल्बालेही.

पण त्याच्याही पयले, वॅन आयपी काय आहे?

बारावीनंतर_बघू
१०.२२४ ने सुरू होतो. साइटवर वेगळाच दाखवतो.

तर्रीपोहे
मग तुह्या घरून पोर्ट नाही उघडत. वर्ध्याच्या मित्राले विचार, त्याच्या राउटरचा वॅन आणि साइटवरचा पत्ता एक आहे का. एक असन तं सर्व्हर त्याच्याकडं चालवा आणि तू तिकडं जा.

बारावीनंतर_बघू
त्याचे दोन्ही सारखे आहेत!! पण त्याचा लॅपटॉप माझ्यापेक्षा स्लो आहे.

तर्रीपोहे
व्ह्यू डिस्टन्स कमी करून टाक म्हणा, चालते.